कुलसुम चाचीला हलवायचं कसं

५ जानेवारी

न्हाय, तुमचं म्हणणं काय आहे तेच मला कळंना झालंय! "स्कूटर तर शिकवायची, त्यात काय एवढं?" म्हणताय. बरं. तुम्हाला कुणी शिकवली ते सांगा. थोरल्या भावाची सायकल पळवली, दांडीखालनं पाय घातला, गुडघं फोडून घेतलं आणि एक दिवस आपसूक यायला लागली, हेच न्हवं? म्हणजे तुम्हाला कुणी शिकवलंच नाही. मग शिकवण्यातलं तुम्हाला काय कळतंय? गप बसा जरा.

मी आज एका बाईंना म्हणाले, "फक्त बॅलन्स सांभाळा, बाकी गाडी आपोआप जात्या." त्या म्हणाल्या, "सांभाळते की. पण त्यो असतोय कुठं? हातात का पायात?"

द्या उत्तर. मला तर आलं नाही.

तुम्ही म्हणजे कोण, ते मला पण माहीत नाही. हे कुणी वाचायचं नाही, खाजगी आहे. पण समोर भांडायला कुणी असल्याशिवाय मला लिहायलाच येत नाही, त्यामुळं तुम्ही आहात असं समजते. एम.ए. झालंय. कादंबरी चालू आहे, म्हणजे पहिलं पान चालू आहे, गेल्या दिवाळीपासनं. आई म्हणाली, घरात बसून भिंती खाऊ नकोस, सम्राटच्यात जा. सम्राट म्हणजे माझा चुलतभाऊ, राजारामपुरीत ड्रायव्हिंग क्लास आहे त्याचा. "लेडीज बॅच तू बघ, मला बायकांवर ओरडता येत नाही," म्हणाला. लेडीज बॅच म्हणजे सध्या एकच बाई. कुलसुम चाची.

पन्नाशीच्या पुढं. चाचा-चाचींचं बांगड्यांचं दुकान आहे, आमच्या क्लासपासनं दोन गल्ल्या सोडून. आठ फेब्रुवारीला हातकणंगल्यात त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या पोरीचा, मोनाच्या लग्नाचा चुडा भरायचा आहे. मोनाच्या आईचा चुडा पण चाचांनीच भरलेला. तर चाचींचं म्हणणं, त्या दिवशी गाडी मी चालवत जाणार.

"आणि एक," म्हणाल्या. "आमच्या ह्यास्नी कळता कामा न्हाय."

मला काय ते लगेच कळलं. एका बाईची चाकावरची मुक्ती! कादंबरी हीच की.

६ जानेवारी

मुक्ती लिंबाच्या झाडावर जाऊन आदळली.

विद्यापीठाच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर नेलतं. सरळ रस्त्यावर चाची झकास. वळण आलं. हँडल वळलं, चाक वळलं, चाची सरळच. बसलेल्या जागी खांबासारख्या. मी मागनं ओरडतेय, "वळा की चाची!" त्या तिकडनं ओरडतायत, "वळली की गाडी!" आणि मग झाड.

लागलं नाही. धूळ झटकत म्हणाल्या, "झाडाला इचार, त्येला कुठं लागलं का."

सम्राटदादा म्हणाला, "सायकल येत नसलेल्या बाईच्या नादाला लागू नकोस. आमच्यात त्यांना आम्ही दोन दिवस फिरवून घरी पाठवतो."

"का?"

"का म्हणजे? बेसिकच नाही त्यांचं."

"मग बेसिक शिकवायचं."

"बेसिक कुठं शिकवायचं असतंय होय? ते असतंय!"

९ जानेवारी

चाचांना बघून आले. म्हणजे ज्याच्यापासनं लपवायचंय तो राक्षस कसा दिसतोय ते बघावं म्हटलं.

राक्षस नाही. पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट. माझा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबलं, "दोन-चार," म्हणाले. माझं माप मला माहीत नव्हतं. बांगडी अशी गेली की काच आहे का लोणी कळलं नाही. निळ्या मागितल्या तर म्हणाले, "रंग चाचीकडनं बघून घे पोरी, रंगाचं खातं तिचं." काम वाटून घेतलेलं आहे म्हणजे.

पण माणूस शिष्ट आहे. समोर बसून माझ्याकडं एकदा पण बघितलं नाही, खांद्यावरनं पलीकडं बघत बोलत होते. निघताना म्हणाले, "परवा दारात येऊन चाचीशी बोलत हुतीस ती तूच न्हवं? आवाज ध्यानात हाय." आवाज ध्यानात आहे आणि तोंड नाही! असली माणसं बायकोला गाडी कशाला देतील.

१३ जानेवारी

आज नवीनच. चाची चालवताना बोलतात. सारख्या. "म्होरं खड्डा. डावीकडनं कुत्रं. बाई येत्या, बाईच्या हातात पोरगं. गतिरोधक. आला, आला, गेला."

"कुणाला सांगताय?"

"कुणाला न्हाय."

"मग?"

"सवंय हाय."

बरं, नुसतं बोलून भागत नाही. खड्डा म्हणाल्या की खड्ड्यातच जातात. प्रत्येक खड्ड्यात, नेम धरल्यासारखं. मी डोकं धरून रस्त्याच्या कडेला बसले आणि विचार केला, मी खड्ड्यात का जात नाही? खरंच का जात नाही? म्हणून स्वतः गाडी घेऊन गेले, डोळं कुठं जातंय ते बघत. आणि सापडलं! मी खड्डा बघतच नाही. खड्ड्याच्या शेजारचा रस्ता बघते. जिथं बघाल तिथं गाडी जाते. हे मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि मी कुणाला सांगायचं असतं हेही कुणी सांगितलं नाही.

चाचींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागं बसणाऱ्यानं खड्डा बघायचा, आणि चालवणाऱ्यानं रस्ता. व्हय?"

"व्हय."

"आधी सांगायचं की मग!"

१४ जानेवारी

संक्रांत. चाचींनी माझ्याकडनं तिळगूळ घेतला आणि तो तोंडात असताना एकाही खड्ड्यात गेल्या नाहीत. तोंड बंद होतं म्हणून असेल.

वळणावर मात्र अजून खांब.

१८ जानेवारी

सापडलं सापडलं सापडलं.

चाचींना आज होलसेलवाल्याकडनं माल आणायचा होता, म्हटलं माझ्या गाडीवर बसा, सोडते. येताना चाची मागं, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बांगड्यांचे डबे. मी गाडी काढली आणि चौकात आल्यावर वाटलं, चाची पडल्या मागं कुठंतरी. मागं कुणी बसलंय असं वाटेचना! ब्रेक दाबला तरी हलल्या नाहीत, वळले तरी हलल्या नाहीत. गाडी थांबवून मागं बघितलं. बसलेल्या. पुतळा.

"चाची, तुम्ही श्वास घेताय न्हवं?"

"गप चालीव. डबा हाय मांडीवर."

लग्न झाल्यापासनं ही बाई अशी बसल्या. चाचा पुढं, ही मागं, मांडीवर काच. कागल, कोडोली, हातकणंगले, सगळ्या जत्रा, सगळी लग्नं. हललं की बांगडी वाढली. (चाची "फुटली" म्हणत नाहीत. बांगडी फुटत नसते, वाढत असते.) कितीही मोठा खड्डा आला तरी कंबरेच्या वर काही हलू द्यायचं नाही, हे त्यांनी एवढं पक्कं शिकून घेतलंय, की पुढच्या सीटवर बसल्या तरी मांडीवर डबा आहेच. नसलेला डबा!

आणि मी चौदा दिवस ओरडतेय, बॅलन्स सांभाळा. बाईनं सांभाळलाय की, माझ्यापेक्षा जास्त. फक्त काचेचा.

१९ जानेवारी

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू कादंबरीच लिही."

आज चालवायला दिलंच नाही. चाचींना मागं बसवलं, पण पुरुषासारखं, दोन्हीकडं पाय टाकून. म्हणाल्या, "हे काय वय हाय व्हय असं बसायचं!" म्हटलं सलवारच आहे की, बसा. बसल्या. मग माझ्या कंबरेला धरायला लावलं आणि सांगितलं, मी झुकले की झुकायचं. मी पडले की पडायचं. बाकी काही करायचं नाही.

पहिल्या वळणाला किंचाळल्या. दुसऱ्याला "या अल्ला" म्हणाल्या. पाचव्या का सहाव्याला काही म्हणाल्याच नाहीत. मग मागनं हळूच आवाज आला, "ह्ये तर झोपाळ्यावानी हाय की गं."

रस्ता संपेपर्यंत आम्ही नागमोडी जात होतो. दोन पोरं बाइक थांबवून बघत होती. बघू देत.

२१ जानेवारी

आज चाची हलल्या.

एवढंच. दुसरं काही लिहायचं नाही. हलल्या!!

२६ जानेवारी

सगळं खालनं सुरू केलंय. गाडी स्टँडवरनं काढायची, तर ताकदीनं नाही, पुढं ढकलत. थांबताना डावा पाय टेकवायचा. बसायच्या आधी गाडी नुसती हातात धरून चालवत न्यायची, बैल नेल्यासारखी, म्हणजे तिचं वजन कुठं जातंय ते कळतं. मग बसून पायानं चालत, बदकासारखं. मग पाय उचलायचे, एवढे, बोटभर. मग थोडे जास्त.

आणि आज चाचींनी पाय उचलले ते ठेवलेच नाहीत. गेल्या. वळल्या. परत आल्या. माझ्याजवळनं जाताना "थांबवायचं कसं ते परत सांग!" म्हणत पुढं गेल्या, कारण आनंदात विसरलेल्या. तीन चकरा झाल्यावर आठवलं. उतरल्या आणि पोट धरून हसत रस्त्यावरच बसल्या. मी पण. चाचींच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

"चाची, आता कळलं का बॅलन्स कुठं असतोय?"

"कळलं."

"कुठं?"

"सांगता येत न्हाय."

मला केवढं बरं वाटलं!

१ फेब्रुवारी

आज हसण्यासारखं नाही. थोडं आहे.

चाची आल्या त्या कोपर खरचटून, गुडघ्याला पट्टी. म्हटलं माझ्याशिवाय चालवली की काय? नाही म्हणाल्या. काल दुकानातनं घरी जाताना दोघं पडले. चाचा चालवत होते, हातगाडी आडवी लावलेली, तिच्यावर गेली गाडी. केळीवाल्याची हातगाडी. चाचांना काही झालं नाही, केळी गेली.

"हातगाडी दिसली नाही होय चाचांना?"

"मी शिंकले."

"तुम्ही शिंकलात. बरं. आणि चाचांना हातगाडी का नाही दिसली?"

"सांगितलं की. मी शिंकले."

चाची पट्टी सारखी करत बसल्या. आणि मग सगळं एकदम अंगावर आलं. म्होरं खड्डा, डावीकडनं कुत्रं. रंगाचं खातं तिचं. आवाज ध्यानात आहे. मी किती शहाणी, सगळं लिहून ठेवलंय वर, आणि एक अक्षर कळलं नाही मला.

दोन वर्षं झाली म्हणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करायचं ठरलंय, पण चाचांचं एकच, लग्नसराई होऊ दे. डॉक्टरनी एप्रिलची तारीख दिल्या. तोवर चाची मागनं रस्ता वाचून दाखवतात आणि चाचा चालवतात. गल्लीत भागतं. पण हातकणंगल्याच्या रस्त्याला? शिरोलीपासनं ट्रक, उसाच्या ट्रॉल्या.

"रिक्षा करा की."

"ऐकत न्हाईत. म्हणत्यात, माझी गाडी हाय, माझं गिऱ्हाईक हाय, मी रिक्षानं जाऊ?"

"एसटी?"

"काचंचे डबे घेऊन उभी राहू व्हय एसटीत?" आणि मग म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मला हौस हाय गाडीची?"

मला वाटलं होतं मुक्ती.

"नव्हती," चाची म्हणाल्या. "आता आल्या थोडी."

३ फेब्रुवारी

चाचींना गाडी येते, शिकाऊ लायसन्स पण हातात आलंय. आता प्रश्न एवढाच, की चाचांना पुढच्या सीटवरनं उठवायचं कुणी आणि कसं.

मी म्हटलं सरळ सांगा, दिसत नाही तुम्हाला, मागं बसा.

"असं त्यास्नी जो म्हणंल त्येचं तोंड फोडीन मी," चाची म्हणाल्या. त्यात मी पण आले.

चहा पीत बसलेलो. आत दादा नव्या पोरांना नियम वाचून दाखवत होता, झोप आल्यासारखा. "शिकाऊ लायसन्सवर चालवताना मागं पक्कं लायसन्स असलेला माणूस शिकवायला बसलेला पाहिजे..." चाचींचा कप तोंडाजवळच थांबला.

"कुठलाबी लायसन्सवाला?"

"शिकवणारा. म्हणजे आपल्यात मी."

"तूच पायजे असं न्हाय न्हवं?"

"नाही."

"म्हातारा चालतोय?"

"वयाचं काही म्हटलेलं नाही."

"मग हाय की आमच्या घरात!" असं म्हणून चाचींनी उरलेला चहा एका घोटात संपवला. माझा पण.

६ फेब्रुवारी

चाचा दुपारी झोपले तेव्हा चाची घरची गाडी हातात धरून ढकलत घेऊन आल्या, शेवटची प्रॅक्टिस म्हणून. पुढं शिकाऊ गाडीला लावतात तो लाल एल चिकटवलेला. पण उलटा, डोकं खाली पाय वर, इंग्रजी सातासारखा दिसत होता.

"चाची, एल उलटा लावलाय."

"मी कुठं लावला? तू लावलास की."

"मी? गाडी तर तुमच्या घरात होती."

दोघी मिळून दादाकडं गेलो. दादा म्हणाला, "मी रोज एल चिकटवतो, उलटा लावीन होय?" तोच लावून गेला असणार, झोपेत असतो निम्मा वेळ, आणि आता कबूल करत नाही. काढून सरळ लावला. चांगला घट्ट चिकटवलेला होता, निघता निघेना. कडेनं बोटानं दाबून दाबून बसवलेला.

८ फेब्रुवारी, हातकणंगले

मांडवाच्या कडेला पायरीवर बसून लिहितेय. आत बायकांचा दंगा आहे.

सकाळी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी हेल्मेट घालून उभी. चाची गाडीशेजारी, चाचा डबे घेऊन बाहेर आले आणि सवयीनं पुढच्या सीटकडं वळले. चाचींनी हँडल सोडलं नाही.

"मी शिकतेय गाडी," म्हणाल्या. "सरकारी नियम हाय. मागं लायसन्सवाला माणूस पायजे. बसा मागं."

मला वाटलं आता भांडण. चाचा उभेच. एक पोरगं दूध घेऊन गेलं, एक रिक्षा गेली, तरी उभेच. मग म्हणाले, "लायसन्स दाखवाय लागंल न्हवं कुणी अडवलं तर? आणू?"

"आणा की."

आत गेले आणि लगेच बाहेर, लायसन्स हातात, जसं काय काढूनच ठेवलेलं. व्यवस्थित माणूस. खिशात घातलं, हेल्मेट घातलं, मागं बसले, डबे मांडीवर घेतले. "हं," म्हणाले. "काढ सावकाश."

मी मागं मागं. तावडे हॉटेलच्या सिग्नलला अगदी शेजारी होते, हेल्मेटची काच खाली ओढून. चाचांचं शिकवणं चालू होतं, "हॉर्न दे. गडबड न्हाय करायची. हिरवा पडू दे." चाची म्हणाल्या, "म्होरं ट्रक हाय." चाचा म्हणाले, "दिसलाय मला." चाची म्हणाल्या, "तुमास्नी न्हाय, मलाच सांगते."

शिरोलीचं वळण आलं. उसाची ट्रॉली डाव्या बाजूनं, तिच्या शेजारनं एसटी. चाचींनी ट्रॉलीकडं बघितलं नाही. ट्रॉलीच्या पुढच्या रस्त्याकडं बघितलं, आणि झुकल्या. आणि मागं चाचा, डबे छातीशी धरून, चाचींबरोबर झुकले! कुणी शिकवलं नाही त्यांना. हेर्ल्याच्या पुढं तर मला त्यांना गाठताना घाम फुटला.

इथं दारात मोनाचे वडील, आण्णा, दहा पावणं घेऊन उभे. त्यांचा आवाज म्हणजे माईकच. "का ओ चाचा! आज मागं बसून? चाचीनं रिटायर केलं व्हय तुमास्नी?"

सगळे हसले. चाची नाहीत हसल्या. हँडल तसंच धरून ठेवलेलं, बोटं पांढरी पडेस्तोवर.

चाचा सावकाश उतरले. हात पुढं करून गाडीच्या तोंडावर चाचपलं, एलवर बोट ठेवलं. एल तिथं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "बोर्ड वाचा की आण्णा. शिकाऊ हाय ती. मास्तर कुठं बसतोय मग, टपावर?"

यावेळी जे हसले ते आण्णांना. चाचा वर आणखी म्हणाले, "बरी चालवत्या. हॉर्न कमी वाजवत्या, बाकी बरी. एप्रिलपतूर शिकवतो, मग बघू."

चाचींनी आत्ता कुठं हँडल सोडलं.

डबे उघडले. एकपण बांगडी वाढलेली नाही. चाचांनी मोनाचा हात घेतला, हाड दाबलं, डोळे मिटले आणि हिरवा चुडा भरायला लागले. चाची शेजारी बसून एकेक बांगडी त्यांच्या तळहातावर ठेवत होत्या. मोना रडत होती आणि हसत होती, आणि तिची आई पण.

आता तुम्ही म्हणणार, बास? एक बाई गाडीवरनं वीस किलोमीटर गेली, हेच सांगायला एवढं भांडलीस? व्हय. एवढंच. याच्यावर तुमचं काही म्हणणं असेल तर मला ऐकायचं आहे, खरंच, पण आत्ता नाही. कारण चुडा झाल्यापासनं चार बायका मला विचारून गेल्यात, "आमास्नी शिकिवशील का गं?" आणि आण्णांच्या थोरल्या बहिणीनं, शालूबाईंनी, विचारलंच नाही. त्या पदर खोचून अंगणात गेल्यात. चाचींच्या गाडीवर बसल्यात. किल्ली गाडीलाच आहे. त्यांना स्टँड म्हणजे काय ते माहीत नाही, ब्रेक म्हणजे काय ते माहीत नाही, आणि गाडी चालू झाल्याचा आवाज आला आत्ता. तुमचं राहू दे, मी गेले!